कोक नव्हता तेव्हा कोक्ता होती

मागच्या अंकात पोलंडमधल्या जुन्या स्वस्त खानावळींवर, म्हणजे तिथल्या बार म्लेच्नींवर लिहिताना मी एका ओळीत पोलो-कोक्ता नावाच्या कोलाचा उल्लेख केला होता आणि तशीच पुढे निघून गेले होते. त्या एका ओळीवर इतके प्रश्न येतील असं खरंच वाटलं नव्हतं. मी वॉर्सामध्ये काही वर्षं राहिलेय, भाषा शिकले, एका आजीबाईंच्या घरात भाड्याने होते, त्यामुळे यातलं बरंचसं स्वयंपाकघरात बसून ऐकलेलं आहे. यावेळचं सदर सगळं त्याच बाटलीला देऊन टाकते.

प्रश्न : पोलो-कोक्ता म्हणजे नेमकं काय होतं? कोकाकोलाची नक्कलच ना शेवटी?
– एक वाचक

उत्तर : सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात कम्युनिस्ट पोलंडमध्ये मिळणारं काळसर, गोड, फसफसणारं पेय, कोलाच. बनवायची स्पोवेम नावाची ग्राहक सहकारी संस्था. आता सहकारी म्हटलं की आपल्याला वाटतं ही कम्युनिस्ट राजवटीने काढलेली असेल, पण स्पोवेमची मुळं 1860 च्या दशकातली आहेत, पोलंड नकाशावर स्वतंत्र देश म्हणून नव्हता तेव्हाची. "स्पोवेम" म्हणजे सगळ्यांनी मिळून, एकत्र. हा शब्द स्तेफान झेरोम्स्की या मोठ्या कादंबरीकाराने सुचवला होता, आधी संस्थेच्या नियतकालिकासाठी आणि मग तेच संस्थेचं नाव झालं. युद्धानंतर राजवटीने ही संस्था आपल्या ताब्यात घेतल्यासारखीच केली, पण दुकानांवर पाटी तीच राहिली, आजही पोलंडमध्ये स्पोवेमची दुकानं दिसतात.

आता नावातला "कोक्ता". हा शब्द युगोस्लावियातला. 1953 मध्ये लुब्लियानाच्या स्लोव्हिन कंपनीने कोक्ता नावाचं पेय आणलं, एमेरिक झेलिंका नावाच्या रसायनतज्ज्ञाने ते बसवलं होतं, आणि प्लानिका इथल्या स्की उड्यांच्या स्पर्धेत ते पहिल्यांदा लोकांसमोर आलं. बर्फात उभ्या असलेल्या प्रेक्षकांना थंड पेय विकायचं, कल्पना बघा! पण ते चाललं. त्यात जंगली गुलाबाची फळं होती, औषधी वनस्पती होत्या, लिंबू-संत्र होतं, कॅफिन नव्हतं आणि फॉस्फोरिक आम्लही नव्हतं. म्हणजे रंग आणि फेस कोलाचा, आतून मात्र वेगळीच गोष्ट.

म्हणून मला नक्कल हा शब्द फारसा पटत नाही. दुरून बघितलं तर नक्कल वाटते, मान्य. पण ज्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा जी कोला प्यायली ती पोलो-कोक्ताच होती त्याच्यासाठी अस्सल तीच ना. कोकाकोला त्याला नंतर भेटली आणि तो कोकाकोलाची तुलना पोलो-कोक्ताशी करत बसला.

प्रश्न : पण मग पोलंडमध्ये खरी कोकाकोला मिळतच नव्हती का? साम्यवादी देश म्हणजे बंदी असणार असं मी धरून चालले होते.
– इतिहासाची विद्यार्थिनी

उत्तर : बंदी नव्हती, उलट सरकारनेच आणली होती, आणि इथेच गोष्ट इंटरेस्टिंग होते.

1970 च्या डिसेंबरमध्ये एडवर्ड गिएरेक कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख झाले. आधीच्या गोमुल्कांच्या काळातला काटकसरीचा सूर त्यांनी सोडला आणि पश्चिमेकडून कर्ज घेऊन, लायसन्स घेऊन देश आधुनिक करायचा असं ठरवलं. इटलीच्या फियाटचं लायसन्स घेऊन 1973 पासून छोटी फियाट 126 पी बनायला लागली, जिला लोक प्रेमाने मालुख म्हणजे चिमुकली म्हणतात. आणि त्याच्या एक वर्ष आधी, 1972 च्या उन्हाळ्यात, वॉर्साच्या एका बिअरच्या कारखान्यात कोकाकोला भरायला सुरुवात झाली. थोड्याच काळात पेप्सी पण आली आणि देशाचे भाग दोघींनी वाटून घेतल्यासारखे झाले, म्हणजे तुम्ही कुठे राहता यावर तुमच्या वाट्याला कोक येणार की पेप्सी हे ठरायचं. कोकची पोलिश जाहिरातीची ओळ "तो येस्त तो", म्हणजे साधारण "हेच ते!", ही अग्निएश्का ओशेत्स्का या नावाजलेल्या कवयित्रीची म्हणून ओळखली जाते.

पण हे सगळं उधारीवर चाललं होतं. दशक संपेपर्यंत पोलंडच्या डोक्यावर पाश्चात्त्य बँकांचं आणि सरकारांचं 20 अब्ज डॉलरच्या वर कर्ज झालं. आणि कोकाकोलाचं काँसन्ट्रेट काही झ्लोटीत, म्हणजे पोलंडच्या चलनात, मिळत नाही, त्याला डॉलर लागतात. ज्या देशाकडे औषधांना आणि यंत्रांच्या सुट्या भागांना डॉलर नाहीत तो सरबताच्या काँसन्ट्रेटला कुठून देणार. साखरेचीच बोंब होती, 1976 पासून साखर कुपनावर मिळायला लागली ती 1985 पर्यंत. 1981 मध्ये मांस कुपनावर गेलं, मग बाकीच्या वस्तू पण. 13 डिसेंबर 1981 ला तेव्हाचे पक्षप्रमुख जनरल यारुझेल्स्कींनी मार्शल लॉ लावला, सकाळी लोक उठले तर फोन बंद आणि रस्त्यावर रणगाडे, आणि दुकानांत तर काय, आजही लोक त्या दिवसांबद्दल बोलताना एकच चित्र सांगतात, रिकाम्या फळ्या आणि त्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ओळीने, कारण व्हिनेगर तेवढं कायम असायचं.

कोक मिळायची, पण कुठे, तर पेव्हेक्समध्ये. पेव्हेक्स म्हणजे सरकारचीच दुकानं जिथे डॉलरमध्ये किंवा डॉलरच्या बदल्यात मिळणाऱ्या खास कुपनांवर खरेदी करायची, झ्लोटी चालत नसत. जीन्स, लेगो, चांगला साबण, कॉफी आणि डब्यातली कोक. शिकागोला मामा असेल तर ठीक, नाहीतर काचेला नाक लावून बघायचं. मग साध्या झ्लोटीत, साध्या दुकानात काळी कोला कुठली, तर पोलो-कोक्ता.

प्रश्न : तुम्ही स्वतः प्यायलाय का? चव कशी असते?
– एक खवय्या

उत्तर : जुनी नाही, ती कशी मिळणार, ती 1989 नंतर बाजार उघडल्यावर मागे पडली, सगळीकडे खऱ्या कोक-पेप्सीचे ट्रक आले आणि लोकांनी इतकी वर्षं जे काचेतून पाहिलं होतं ते आधी घेतलं, त्यांचं काय चुकलं. पण 2000 नंतर झ्बिश्को नावाच्या पोलिश पेय कंपनीने हे नाव पुन्हा बाजारात आणलं आणि ती मी प्यायलेय. गोड आहे, कोलाच आहे. चवीबद्दल यापुढे मी काही मोठं बोलणार नाही कारण माझ्या जिभेवर जुनी आठवण नाहीये आणि इथे सगळा खेळ आठवणीचा आहे.

त्यापेक्षा ती प्यायले तो दिवस सांगते. आमच्या आजीबाईंची मुलगी, माझ्यापेक्षा बरीच मोठी, ऐंशीच्या दशकात शाळेत असलेली, ती एक दिवस दोन बाटल्या घेऊन आली एकदम खुशीत, आई बघ काय आणलंय. आजींनी कपाटातून ग्लास काढले. हे ग्लास म्हणजे मोहरीच्या सॉसचे काचेचे डबे, सॉस संपला की धुऊन प्यायला वापरायचे, पोलंडमध्ये त्याला खास शब्द आहे, मुश्तार्दूव्का. त्या काळात घरोघरी हेच ग्लास होते. मुलीने घोट घेतला आणि डोळे मिटले, तिला वाढदिवस आठवला, चुलत भावंडं आठवली, कोणी किती प्यायली त्यावरून झालेली मारामारी आठवली. आजींनी पण घोट घेतला. म्हणाल्या, त्या दिवशी मी कपडे धुवायच्या पावडरीसाठी रांगेत होते, दोन तास, आणि माझा नंबर येईपर्यंत पावडर संपली, पण तेवढ्यात बाजूच्या दुकानात हे टाकलं म्हणून हे घेऊन आले.

"टाकलं" हा शब्द नीट बघा. पोलिशमध्ये "झुत्सिली", म्हणजे त्यांनी टाकलं. दुकानात माल आला असं कोणी म्हणायचं नाही, माल टाकला म्हणायचे, जसं कोणीतरी वरून फेकतंय आणि खाली लोक झेलतायत. रस्त्यात रांग दिसली की आधी शेवटी उभं राहायचं आणि मग विचारायचं, काय टाकलंय? आणि जे टाकलं असेल ते घ्यायचं, आपल्याला नको असलं तरी, कारण शेजारणीला हवं असेल आणि तिच्याकडे तुम्हाला हवी ती पावडर असेल. मुलीला ही पावडरीची गोष्ट माहीतच नव्हती. चाळीस वर्षांची झाली तरी नव्हती. तिच्यासाठी ती बाटली वाढदिवसाची होती आणि आईसाठी न मिळालेल्या पावडरीची.

प्रश्न : पोलो-कोक्तावर एक सिनेमा आहे असं कुठेतरी ऐकलं. खरं का?
– सिनेमावेडा

उत्तर : कोक्तावर असा नाही, पण कोक्ता त्यात फार मोठ्या भूमिकेत आहे. 1988 चा "किंगसाइझ", दिग्दर्शक युलिउश माखुल्स्की. कथा अशी की एका संस्थेच्या इमारतीतल्या खणांमध्ये बुटक्यांचं एक राज्य आहे, नाव शुफ्लांदिया. पोलिशमध्ये शुफ्लादा म्हणजे टेबलाचा किंवा कपाटाचा खण, म्हणजे आपण म्हणू शकतो खणदेश. तिथे फक्त पुरुष आहेत, बाई नाही, हुकूमशाही आहे. आणि थोड्या निवडक बुटक्यांना एक औषध मिळतं ज्याने ते माणसाएवढे होऊन मोठ्या जगात, किंगसाइझमध्ये, जाऊ शकतात. पण मोठं राहायचं असेल तर एक गोष्ट पीत राहावी लागते. ती म्हणजे पोलो-कोक्ता!

थिएटरमध्ये लोक का पोट धरून हसले असतील हे समजायला एक गोष्ट माहीत हवी. त्या काळात पोलिश नागरिकाचा पासपोर्ट त्याच्या घरी नसायचा. बाहेर जायचं तर अर्ज करायचा, मंजूर झाला तर पासपोर्ट हातात, परत आलात की परत जमा. कोणाला मिळेल कोणाला नाही हे वरचे ठरवणार. म्हणजे खणातून बाहेर पडून मोठ्या जगात जाणारे निवडक बुटके कोण आहेत हे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. आणि त्या मोठ्या जगात टिकून राहण्यासाठी देवांचं अमृत म्हणून काय हवं, तर कोपऱ्यावरच्या दुकानातली, कधी असते कधी नसते अशी स्वदेशी कोला. माझ्या मते हा सिनेमा नसता तर हे पेय इतर शंभर पेयांसारखं विसरलं गेलं असतं. तेव्हा ओरान्झादा होती, जी प्लास्टिकच्या पिशवीत स्ट्रॉ खुपसून प्यायची, तिची पावडर मुलं कोरडीच चाटायची, रस्त्यावर सोड्याच्या गाड्या होत्या ज्यांच्या ग्लासांना सगळेच तोंड लावायचे म्हणून लोक त्या पाण्याला "ग्रुझ्लिचान्का", म्हणजे क्षयाचं पाणी म्हणायचे. ती पण सगळी आठवणीत आहेत, पण एखाद्या गोष्टीतलं जादूचं पाणी होण्याचा मान फक्त कोक्ताला मिळाला.

प्रश्न : मला हे सगळं वाचून थोडा रागच येतो. त्या राजवटीत लोक तुरुंगात गेले, मेले, आणि आता त्यांच्या बाटल्यांची हौस? तुम्हाला हे खटकत नाही का?
– एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : खटकतं. आणि तुम्ही विचारलंत हे बरं केलंत, कारण वरचं सगळं वाचून कोणाला वाटेल की ऐंशीचं पोलंड म्हणजे मजेमजेच्या बाटल्यांची जत्रा होती. मार्शल लॉ लागल्यावर तिसऱ्या दिवशी, 16 डिसेंबर 1981 ला, कातोवित्सेच्या वुयेक कोळसा खाणीत संपावर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला आणि 9 खाणकामगार मेले. सॉलिडॅरिटी या स्वतंत्र कामगार संघटनेचे हजारो कार्यकर्ते घरातून उचलून नेले होते. कोक्ता ज्या दुकानात विकली जायची त्याच गावात हे घडत होतं, त्याच आठवड्यात.

आजी पण तुमच्यासारख्याच. वॉर्सात आता कम्युनिस्ट काळातल्या जीवनाचं संग्रहालय आहे, जुना फोन, जुनं कपाट, मालुख, दुकानाचा काउंटर वगैरे, मुलगी त्यांना घेऊन जायला बघत होती तर म्हणाल्या, मी तिथे चाळीस वर्षं राहिलेय, तिकीट काढून परत कशाला जाऊ. मी हे कधी विसरणार नाही.

पण मुलीची पण बाजू मला कळते. ती सात-आठ वर्षांची होती. तिने राजवट निवडली नव्हती आणि ती राजवटीची आठवण काढतच नाहीये. सगळं बदलीचं होतं आणि त्या बदलीच्या वस्तूंवर तिचं बालपण उभं राहिलं, ते तिने टाकून द्यायचं का? चॉकलेट नव्हतं तर दुकानात "चेकोलादोपोदोब्नी" म्हणजे अक्षरशः "चॉकलेटसदृश" वस्तू मिळायची, वेष्टनावर तसंच छापलेलं असायचं, चॉकलेट म्हणायची सोय नव्हती. कॉफी महाग आणि दुर्मिळ, तर 1971 पासून इन्का आली, राई, बार्ली, चिकोरी आणि बीट भाजून केलेली, क्राकूवजवळच्या स्काविनामध्ये. आणि गंमत म्हणजे इन्का आजही खपते, आता तर आरोग्यासाठी म्हणून, कॅफिन नाही म्हणून, ज्यांना टंचाई माहीत पण नाही असे तरुण लोक पितात. म्हणजे एखादी वस्तू टंचाईतून जन्मली म्हणून ती कायम टंचाईचीच राहते असं नाहीये.

माझं मत विचाराल तर मला त्रास तिथे होतो जिथे बाटली असते आणि रांग नसते. कॅफेत भिंतीवर लाल पोस्टर, टेबलावर कोक्ता, सगळं छान रंगीत, आणि ती बाटली आणायला कोण किती तास उभं होतं याचा पत्ताच नाही. रांगेत बहुतेक वेळा बायकाच असायच्या, नोकरी करून, कधी आजारी मुलाला कडेवर घेऊन, आणि कधी पैसे घेऊन दुसऱ्यासाठी उभे राहणारे निवृत्त लोक, त्यांना "स्ताच" म्हणायचे, म्हणजे उभा राहणारा. रांगेच्या याद्या असायच्या, रात्री हजेरी व्हायची, हजर नसलात तर नाव कापलं. हे सगळं बाटलीसोबत सांगा आणि मग खुशाल प्या असं मी म्हणेन.

प्रश्न : अशी पेयं फक्त पोलंडमध्येच होती का?
– एक वाचक

उत्तर : नाही हो, जवळजवळ प्रत्येक शेजाऱ्याकडे होती. चेकोस्लोव्हाकियात कोफोला, 1960 पासून, ओपावाच्या औषध कारखान्यात तयार झाली कारण कॉफी भाजताना उरणाऱ्या कॅफिनचं काहीतरी करायचं होतं, त्यात चौदा वनस्पती आणि फळांचे अर्क, ज्येष्ठमधासारखा वास, आणि आजही चेक पबमध्ये बिअरसारखी नळातून मिळते. पूर्व जर्मनीत व्हिटा कोला, 1958 ची, लिंबाच्या अंगाने जाणारी. बर्लिनची भिंत पडल्यावर गायब झाली आणि 1994 मध्ये थुरिंगियात परत आली, आता तिथे ती भलतीच लोकप्रिय आहे. या दोघींच्या तुलनेत पोलो-कोक्ता बाजारात लहानच राहिली. पण पोलंडमध्ये नाव घेतलंत की पन्नाशीच्या माणसाचा चेहरा बदलतो, एवढं मी पाहिलंय.

प्रश्न : पुढच्या वर्षी क्राकूवला जातेय. दुकानात मागायची कशी?
– एक प्रवासी वाचक

उत्तर : "पोप्रोशेन पोलो-कोक्तेन" असं म्हणा, शेवटचे "न" अगदी हलके, म्हटले न म्हटले असे. प्रत्येक दुकानात असेलच असं नाही, मोठ्या सुपरमार्केटपेक्षा छोट्या दुकानात किंवा जुन्या धाटणीच्या बारमध्ये विचारून बघा. 2021 पासून पोलंडमध्ये गोड पेयांवर साखर कर आहे, त्यामुळे सगळ्याच कोला आधीपेक्षा महाग झाल्यात, किंमत बघून दचकू नका. आणि 2025 च्या ऑक्टोबरपासून तिथे प्लास्टिकच्या बाटल्यांवर आणि कॅनवर 50 ग्रोशची, म्हणजे अर्ध्या झ्लोटीची, अनामत सुरू झालीये, तेव्हा बाटलीवर अनामतीची खूण दिसली तर ती फेकू नका, दुकानात परत द्या आणि पैसे घ्या. थंड हवी असेल तर "झ लोदूव्की" म्हणायचं, म्हणजे फ्रीजमधली. आमच्या आजी मात्र कोमटच प्यायल्या, त्यांच्या दुकानात फ्रीज नव्हता म्हणे, आणि त्यांना तशीच सवय आहे.